सायकल स्टँड आणि अंतराळयान

आमच्या पानठेल्यावरच्या एक-दोन म्हाताऱ्यांना अजून वाटतं, की तो कॅप्टन मंगळावर उतरला होता. तो उतरला नव्हता. हे मी फार आधी सांगायला हवं होतं.

त्या काळी नागपुरात सिनेमा संपला की पडद्यावर झेंडा यायचा आणि राष्ट्रगीत वाजायचं. देशावर आमचं प्रेम अपार होतं. पण बाहेर स्टँडवर सायकली एकमेकींत अडकलेल्या असायच्या आणि मागे राहिलेल्याला आपली सायकल सोडवता सोडवता संध्याकाळ व्हायची. त्यामुळे शेवटचं संगीत चढलं किंवा नायक-नायिका जवळ सरकले, की अख्खी बाल्कनी उठायची. खुनी कोण हे न कळताच घरी गेलेले कितीतरी पदवीधर मला माहीत आहेत.

महाल भागातल्या त्या पानठेल्यावर इंग्रजी सिनेमाबद्दल माझ्या मित्राचा शब्द अखेरचा असे. त्याच्या घरी हातमाग होता, लुगडी विणली जात. इंग्रजी त्यालाही येत नव्हतं, पण तो ते कबूल करत नसे आणि आम्ही विचारत नसू. साठीचं दशक संपत आलं होतं. सदर भागातल्या टॉकीजला अंतराळयानाचा एक सिनेमा लागला, तोही आठवडाभरच, आणि हा नेमका धंतोलीच्या एका दवाखान्यात पाय प्लास्टरमध्ये टांगून पडला. पानठेल्यावरची त्याची गादी धोक्यात आली.

"तू जा अन् मले येऊन सांग," तो म्हणाला. "पण शेवट पाहूनच येजो गा. शेवट लई जबर आहे म्हणते."

मी गेलो. काही शास्त्रज्ञ यानात बसून दूरच्या ग्रहाकडे निघतात. वर्षं जातात, भांडणं होतात, एकेक जण वेडा होतो. कॅप्टन एकटा उरतो. एक दिवस यान थांबतं, तो दाराकडे चालू लागतो आणि संगीत चढतं. बाल्कनी उठली. मीही उठलो. मी काही विचार केला होता असं म्हणणं खोटं होईल.

"मंग? दार उघडते, अन्?" मित्रानं विचारलं.

त्याला खरं सांगता आलं असतं. पण सगळा वॉर्ड कान देऊन ऐकत होता. शेजारच्या खाटेवर काटोलचा एक पेशंट होता, त्याची बायकोही संत्रं सोलायची थांबली होती.

"बाहेर मंगळ," मी म्हणालो. "लाल माती. कॅप्टन गुडघ्यावर बसते अन् माती कपाळाले लावते."

गोरा कॅप्टन माती कपाळाला कशाला लावेल, हे कोणी विचारलं नाही. काटोलच्या बाईनं मला संत्रं दिलं.

प्लास्टर निघाल्यावर मित्रानं तो शेवट पानठेल्यावर सांगितला. कॅप्टनच्या डोळ्यांत पाणी त्यानं स्वतःच्या मनानं घातलं. तिथं सावनेरचा एक माणूस यायचा, कोळसा खाणीच्या ऑफिसात कारकून. रविवारी बसनं येऊन सिनेमा पाहायचा, त्यामुळे त्याला सायकलची घाई नसे.

"नाही गा भाऊ," तो म्हणाला. "दार उघडते तं बाहेर मोठं शेड असते. यान उडलंच नव्हतं. त्या लोकायची परीक्षा घेऊन राहिले होते."

सगळे हसले. "यान उडलंच नाही तं लोकं तिकीट काढून काय पाहून राहिले होते? बस स्टँड?" मित्र म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "सांग गा याले. तू तं पाहून आला."

सावनेरचा माणूस माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हणालो, "मंगळच होता."

त्या दिवसापासून त्याचं नाव 'उडलंच नाही' पडलं. पानवालासुद्धा विचारायचा, "उडलंच नाही साहेब, चुना कमी का जास्त?" पुढे तो येईनासा झाला. रविवारी बसमधून उतरून तो पानठेला टाळून मागच्या गल्लीनं टॉकीजला जाताना मला दिसायचा.

ऐंशीनंतर व्हिडिओ आले. मित्रानं एकदा भाड्यानं आणला, आणि कॅसेट नेमकी त्याच सिनेमाची निघाली. घरात सायकल काढायची नव्हती. दार उघडलं. बाहेर पत्र्याचं शेड, दिवे आणि हातात कप घेतलेली माणसं.

मित्र पडद्याकडे पाहत नव्हता. "उठला होता काय गा?"

"सायकल काढाची होती."

"अन् मी माह्या तोंडानं त्या माणसाले..." कॅसेट संपल्यावर तो म्हणाला, "सावनेरले जा."

गेलो. तो ओट्यावर बसला होता, केस पिकले होते. मी सगळं सांगितलं.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "तुमी माह्या समोरूनच उठले होते."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"एकाले हसून राहिले होते, तेवढं पुरे होतं. दुसरा कायले पाह्यजे?" मग तो जरा पुढे सरकला. "पण शेड दिसल्यावर मंग कॅप्टननं काय केलं, ते माह्यं पाहाचं राहूनच गेलं. तुमी मधात उभे होते."

"बाहेरची माणसं कप ठेवून टाळ्या वाजवतात," मी म्हणालो. "तो त्यांच्याकडे पाहतो, मागे सरकतो आणि दार आतून लावून घेतो."

"लावून घेते?"

"हो."

त्यानं माझ्याकडे तसंच पाहिलं, जसं पानठेल्यावर पाहिलं होतं. "यावेळी बसून पाहिलं ना?"

"बसून."