एका दिवसात होईल, असं मी सांगितलं

अकोल्यातल्या त्या कोचिंग क्लाससमोरून जायची वेळ आली तर मी अजूनही गाडी दुसऱ्या रस्त्यानं काढतो.

प्रेशर वॉशिंगचं, म्हणजे पाण्याच्या जोरदार धारेनं फरश्या धुवायचं काम आम्ही दोघं मिळून करायचो. गिऱ्हाइकांशी बोलायचं मी, मशीन चालवायची त्यानं. तो बडनेऱ्याचा. आधी वरूडला संत्र्यांचे ट्रक धुवायचा. माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला भाई म्हणायचो.

क्लासच्या संचालकांना सोमवारच्या कार्यक्रमाआधी दारासमोरचे पेव्हर ब्लॉक स्वच्छ हवे होते. नुसती धूळ असती तर अर्ध्या दिवसाचं काम. पण पोरांनी थुंकलेलं च्युइंगम ब्लॉकला चिकटून काळं पडलं होतं. भाईनं खडूनं एक चौकोन आखला, त्यातले डाग मोजले आणि मोबाइलवर वेळ लावून दोन-चार काढून पाहिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "एका डागाले अर्धा मिनिट. जुन्याले जास्तच. तीन दिवस लागतीन, भाऊ."

मी संचालकांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, एका दिवसात होईल. तीन म्हटलं तर काम दुसरा नेईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे त्या माणसासमोर मला नाही म्हणवलं नाही. भाईला कळलं तेव्हा त्यानं खडूचा चौकोन पायानं पुसून टाकला.

रविवारी दुपारपर्यंत पाव अंगणही झालं नव्हतं. मी त्याला बारीक धारेचं नोझल लावून अगदी जवळून मारायला सांगितलं.

"ब्लॉक खराब होईन," तो म्हणाला.

मी म्हणालो, मार. डाग भराभर निघाले. संध्याकाळी ब्लॉक वाळले, तेव्हा प्रत्येक डागाच्या जागी खड्डा होता. देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारखं अंगण दिसत होतं.

संचालक खाली आले. हे कोणी केलं, म्हणून विचारलं. भाई दोन पावलांवर पाइप गुंडाळत होता.

"कारागिरानं केलं, साहेब," मी म्हणालो. "मी नव्हतो इथं."

त्यांनी त्याला सगळ्या स्टाफसमोर अडाणी म्हटलं, आणखीही बरंच बोलले. तो पाइप गुंडाळत राहिला.

चार दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं चहा दिला. माफी मागायची ठरवून गेलो होतो, पण तोंडातून निघालं ते नव्या कामाचं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"काम मी कुठंबी करीन, भाऊ," तो म्हणाला. "तुह्यासंग नाई. तू तिथंच होता."

आता तो नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात आहे. मी दुसरा माणूस ठेवलाय. हल्ली तीन दिवस लागत असतील तर तीनच सांगतो. काही गिऱ्हाइकं निघून जातात. तेव्हा वाटलं होतं तेवढं त्यात काही जात नाही.