मॉलीचा पाय आणि झुडपातला ‘युअर मॅन’

मॉलीच्या पायाला काहीही झालेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

२०२० चा हिवाळा. विमानं बंद झाल्यामुळे साताऱ्याहून आलेली माझी आई आमच्याकडे आयर्लंडमधल्या ड्रोहेडातच अडकली होती. तिची इथली एकुलती एक मैत्रीण म्हणजे शेजारच्या पॅट आजोबांची लाल सेटर जातीची कुत्री, मॉली. (आमच्या लेकीपेक्षा तिलाच मराठी जास्त कळायचं!) पॅट मात्र वैतागले होते. “शिकारी कुत्री म्हणे! फेझंट पक्ष्याचा वास काही हिला येत नाही. या हिवाळ्यात पॉइंट केलं नाही, म्हणजे शिकार कुठे लपलीय ते दाखवलं नाही, तर भावाला देऊन टाकतो.” हे मी आईला सांगितलं आणि ती दोन दिवस धड जेवली नाही.

पॅटचा गुडघा दुखत होता, म्हणून मॉलीला आम्ही शेतात फिरायला नेलं. वाऱ्याकडे नाक करून ती नागमोडी पळत होती. अचानक थिजली! शेपूट ताठ, पुढचा एक पाय हवेत.

“अरे, पाय मुरगळला पोरीचा!” आईने स्वतःचा मफलर सोडून त्या पायाला बांधलासुद्धा. मॉली हलेना. (पॉइंट करणं म्हणजे भुंकून दाखवणं, असा माझा ठाम समज!) घाबरत पॅटना व्हिडिओ कॉल लावला.

“सॉरी पॅट, मॉली लंगडी झाली!”

“लंगडी कसली? पाय उचललाय म्हणजे शी’ज पॉइंटिंग! युअर मॅन इज इन द ब्रायर्स!”

“काय म्हणतायत?” आई.

“त्या काटेरी झुडपात कोणी माणूस आहे!”

“अगं बाई! मग बघत काय राहिलास? जा!”

मास्क सारखा करून मी वाकलो. “सर, आर यू ओके?”

सर फडफडाट करत माझ्या नाकासमोरून उडाले! केवढा तो फेझंट! मी सरळ काट्यांत. (आयरिश बोलीत ‘युअर मॅन’ म्हणजे नुसतं ‘तो गडी’, मग तो पक्षी का असेना, हे तेव्हा कळलं!)

फोनमध्ये पॅट आनंदाने रडत होते. “न बघता, नुसत्या वाऱ्यावरच्या वासाने शोधला रे तिने!”

“आता देणार नाहीत ना तिला?” आईने मॉलीला कवटाळलं होतं. मी काट्यांतूनच भाषांतर केलं.

“मुळीच नाही! कुत्री मी ठेवतो. मुलाचं काय करायचं, ते तुम्ही बघा.”

हेही आईला मराठीत मलाच सांगावं लागलं. ती चक्क विचारात पडली!