लाइल पेंगेलीच्या एकोणपन्नास धावा

नॅराबिनच्या क्रिकेट संघातून लाइल पेंगेली एकेचाळीस वर्षं खेळला, पण त्याच्या बॅटिंगला कुणी टाळी वाजवल्याचं गावाला आठवत नाही. तो बाद होत नसे आणि धावाही काढत नसे. एकदा अख्ख्या दुपारी त्याने चार धावा केल्या, तेव्हा पंचालाच उभ्याउभ्या डुलकी लागली. लग्नानंतर बायको मर्ना एकदाच सामना बघायला गेली आणि बाह्यांसकट स्वेटर विणून परतली.

"यापुढे मी घरी भिंतीकडे बघत बसेन," ती म्हणाली. "तिथे अधूनमधून पाल तरी हलते."

लाइल अडुसष्ट वर्षांचा झाला, तेव्हा नदीकाठच्या सार्वजनिक बागेत एका कंपनीने कसिनो बांधायचं ठरवलं. क्रिकेटचं मैदानही त्याच बागेत. गावाने सह्या गोळा केल्या, फलक धरले, गाणीही म्हटली. गाणी ऐकून कंपनीची माणसं मात्र अधिकच घाईला आली. एका शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत मैदानात पहिला चर खणला, तरच त्यांचा परवाना टिकणार होता.

निवृत्त मुख्याध्यापिका मिसेस टूही यांनी बागेचं जुनं दानपत्र उकरून काढलं. त्यात लिहिलं होतं : मैदानावर सामना चालू असताना खेळाडूंना कुणी उठवू नये.

"मग शुक्रवारी सामना!" टूहीबाई म्हणाल्या. "पंच मीच."

त्या दिवशी रिकामा संघ शेजारच्या कुराबंगचाच होता, आणि कंपनीने त्यांना नवं पॅव्हेलियन कबूल केलेलं. ते दात-ओठ खात आले. दुपारपर्यंत नॅराबिनचे नऊ गडी गारद! उरले सलामीला आलेला लाइल, दोन धावांवर नाबाद, आणि अकरावा गडी सिओने. हा टोंगा बेटांवरून आलेला बेकरीवाला. त्याने बॅट उलटी धरली होती.

"तू फक्त पळ," लाइल त्याला म्हणाला. "चेंडू मी बघतो."

लाइल पाच चेंडू तटवायचा, सहाव्यावर एक धाव चोरायचा, की पुढच्या ओव्हरला पुन्हा तोच समोर. बुलडोझर सीमारेषेबाहेर धडधडत उभा होता. कुराबंगचा कप्तान ब्रॉडी वैतागला.

"आजोबा, जिवंत आहात ना?"

"तू चेंडू टाक रे बाळा. मेलो तर सांगेन."

चहाची वेळ झाली तसा कंपनीचा वकील ओरडला, "सुट्टी म्हणजे सामना थांबला! चला, मशीन आत घ्या!" लाइल जागचा हललाच नाही. मर्ना किटली घेऊन तरातरा मैदानात आली.

"हेल्मेट काढ आधी."

"काढणार नाही. बशीत ओत."

त्याने बशीतून फुर्र करून चहा प्यायला आणि ब्रॉडीला म्हणाला, "हं, टाक." टूहीबाईंनी खेळ सुरू केला. बुलडोझरचा चालक इंजिन बंद करून टपावर चढून बसला. प्रत्येक तटवलेल्या चेंडूला तो टाळ्या वाजवू लागला आणि बघता बघता सगळं गाव वाजवू लागलं. लाइलला कळेना, हे आपल्याला हसताहेत की काय!

पाच वाजले. परवाना मेला. गावकरी मैदानात घुसणार, एवढ्यात लाइल गरजला, "मागे व्हा! ओव्हर संपायचीय!"

तो एकोणपन्नासवर होता. जन्मात त्याने एकतीसच्या वर मजल मारली नव्हती. पुढचाच चेंडू त्याच्या पॅडवर आदळला. ब्रॉडी किंचाळला. टूहीबाईंचं बोट वर गेलं.

"बाई! लेगच्या बाहेर जात होता तो!"

"बाग वाचली म्हणून स्टंप सरकत नाहीत, लाइल. चालू लाग."

गावाने त्याला खांद्यावर घेतलं. बँड वाजला. कंपनीने पुढे कसिनो शहरात नेला; बागेवर परत कुणी डोळा ठेवला नाही. पण मिरवणुकीत लाइल वाकून वाकून खालच्या प्रत्येकाला विचारत होता, "तू बघितलास ना चेंडू? निदान वीतभर बाहेर होता की नाही?"

"होता, होता," मर्ना म्हणाली. तिने खरं तर बघितलाच नव्हता. त्या वेळी ती रडत होती.