हरेपर्यंतची मुदत

किस्से हे माळ्यावरच्या भांड्यांसारखे असतात. एक काढायला हात घाला, चार अंगावर येतात! परवा भाचीच्या लग्नात आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीममधला एक जण भेटला आणि आम्ही दोघं जेवण विसरून बोलत बसलो. शेवटी बायको म्हणाली, "तुमचं ते कॉलेज होतं का स्वप्न होतं हो?"

खरं सांगू? मलाही हल्ली शंका येते.

ऐंशीच्या दशकातलं गोरेगाव. पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं सैनिकी कॉलेज. खाकी कपडे, पहाटेची परेड आणि फुटबॉलचं एक मैदान. पावसाळ्यात सकाळी त्याच्यावर धुकं असं काही उतरायचं की या गोलपोस्टवरून तो गोलपोस्ट दिसायचा नाही. जवळच्या तबेल्यातल्या म्हशी मैदानात शिरायच्या, आधी शिंगं दिसायची, मग म्हैस. मी लेफ्ट बॅक. पास द्यायच्या आधी समोर माणूस आहे की म्हैस, ते बघून घ्यायचो!

आमचे कोच सावंत उस्ताद. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त, मूळचे सावंतवाडीकडचे. आले होते ड्रिल शिकवायला, फुटबॉलला दुसरं कोणी मिळेना म्हणून तेही त्यांच्या गळ्यात पडलं. आयुष्यात कधी बॉलला पाय लावला नव्हता. पहिल्याच दिवशी म्हणाले, "माका खेळ कळना नाय. माका शिस्त कळता. शिस्तीत गोल मारा!"

आणि काय सांगू, त्या वर्षी आम्ही जिंकतच सुटलो.

*

आमचा गोलकीपर जग्या. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला. हात हे एवढे लांब. बॉल कधी ठोसा मारून परतवायचा नाही, पाण्यातून मासा उचलावा तसा अलगद उचलून छातीशी धरायचा.

त्याचा थोरला भाऊ दुबईला गेला आणि घरच्या बोटीवर एक माणूस कमी पडला. पावसाळाभर बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, तोवर ठीक होतं. नारळी पौर्णिमा झाली, समुद्राला नारळ वाहिला, बोटी निघाल्या आणि जग्याचे वडील, बोटीचे मालक पोशा नाखवा, थेट कॉलेजच्या मैदानात!

"पोराला न्याला आलो."

जग्याला फौजेत जायचं होतं. दुसरं काही त्याच्या डोक्यातच नव्हतं. पण बापापुढे एक शब्द बोलेल तर शपथ. शेवटी उस्ताद मध्ये पडले. "नाखवानूं, स्पर्धा चालू आसा. आमी जिंकतव. आता ह्येका नेलात तर आमची वाट लागतली!"

नाखव्याने मैदानाकडे बघितलं, मग पोराकडे.

"जिकताव?"

"जिंकतव."

"मंग जिकताव तवर राहू दे. हरलाव का दुसरे दिशी बोटीवर. कालेज बंद."

झालं! उपनगरातल्या कॉलेजांची नॉकआउट स्पर्धा होती ती. बाकीच्या टीम कपासाठी खेळत होत्या. आम्ही जग्यासाठी. हरलो की जग्या गेला.

*

आमचे प्रिन्सिपल, कर्नलसाहेब, यांना फुटबॉलचा मनस्वी तिटकारा. एकदा व्हरांड्यातून दुर्बीण लावून प्रॅक्टिस बघत होते.

"सावंत! सगळे धावतायत, तो उंच पोरगा एकटाच का उभा आहे?"

गोलकीपर म्हणजे काय हे साहेबांना कसं समजवायचं, ते उस्तादांना सुचेना. त्यांनी सगळ्यात सोपं उत्तर दिलं, "साब, संत्री है!"

साहेब एकदम खूश. "वा! पहारेकरी! मग संत्र्याचे सगळे नियम लागू करा."

झालं, जग्याचे बूट आरशासारखे चमकायला लागले. चिखलात उभं राहायचं, तेही पॉलिश करून! आणि संत्र्याचा मोठा नियम म्हणजे, बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही.

बोरिवलीच्या टीमला आम्ही हरवलं त्या दिवशी सगळे ओरडत कँटीनमध्ये पळालो. वडे संपत आले तेव्हा कोणीतरी म्हणालं, "अरे, जग्या कुठाय?" परत गेलो तर हा दोन खांबांमध्ये ताठ उभा.

"अरे येड्या, मॅच संपली!"

"माहितेय ना. पण मला रिलीव्ह कोणी केलं?"

उस्तादांनी कपाळाला हात लावला. पण नियम तो नियम. मला मार्च करत नेलं, जग्याच्या जागी उभं केलं, जग्या सॅल्यूट ठोकून सुटला आणि सगळे परत कँटीनला गेले.

मला रिलीव्ह करायला कोणी आलंच नाही!

राग आला होता, नाही कशाला म्हणू? पण मग धुकं आलं. एक म्हैस आली, माझ्याकडे बघत रवंथ करत बसली. डोंगर दिसेनासा झाला, कॉलेज दिसेनासं झालं. इतकं शांत, इतकं बरं मला पुढे आयुष्यात क्वचितच वाटलं असेल.

*

मैदानाच्या कुंपणापलीकडे फिल्म स्टुडिओ होता. एकदा आमच्या सेंटर फॉरवर्डने बॉल असा भिरकावला की तो सरळ भिंतीपलीकडे. आणायला मी आणि जग्या भिंत चढलो, उतरलो, आणि जागीच थिजलो.

समोर स्वर्ग!

कापसाचे ढग, सोनेरी खांब, जमिनीवरून वाहणारा पांढरा धूर. दोन अप्सरा स्टुलावर बसून डबा खात होत्या. एकीने आम्हाला विचारलं, "बटाट्याची भाजी घेणार का रे?" आणि सिंहासनाच्या पायरीवर इंद्रदेव बसलेला, मुकुट मांडीवर, हातात बिडी, पायाखाली आमचा बॉल.

"कुठली पोरं रे तुम्ही?"

"सैनिकी कॉलेज, सर. उद्या मॅच आहे."

इंद्राने बिडी विझवली. मुकुट डोक्यावर चढवला, धोतर सावरलं आणि काय किक मारली हो! बॉल ढगांवरून, खांबांवरून, भिंतीवरून सरळ आमच्या मैदानात! वर हात उचलून म्हणाला, "विजयी भव!"

आम्ही परत येऊन उस्तादांना सगळं सांगितलं. आम्हाला वाटलं, आता शिक्षा. त्यांनी डोळे बारीक केले. "इंद्रान स्वतः लाथ मारली बॉलाक?"

"होय, उस्ताद."

"मेल्यांनो, मग उद्या ह्योच बॉल घेवा!"

*

उस्ताद आमचे केस सगळ्यांचे सारखे कापून घ्यायचे. वाटी कट. खाकी चड्ड्या, चिखलाने माखलेली तोंडं, अकराच्या अकरा जण एका छापाचे. मुलुंडच्या टीमशी खेळताना कोणीतरी जोरात पाडापाडी केली. रेफरी शिट्टी वाजवत आला, पण कोणी केली ते त्याला कळेना.

"फाऊल करनेवाला सामने आव!"

अख्खी टीम एक पाऊल पुढे! टाचा खाडकन एकत्र. गोलमधून जग्यासुद्धा!

रेफरीने आमच्याकडे बघितलं, हातातल्या कार्डाकडे बघितलं, आणि कार्ड खिशात घालून निघून गेला.

*

सेमीफायनल आमच्याच मैदानावर, घाटकोपरच्या टीमबरोबर. एक-एक बरोबरी, शेवटची काही मिनिटं. बॉल त्यांच्या फॉरवर्डकडे. सूर्य डोंगराआड नव्हे, पलीकडे समुद्राच्या बाजूला उतरत होता, सगळं मैदान केशरी झालेलं.

आणि बिगुल वाजला.

संध्याकाळी झेंडा उतरवताना बिगुल वाजतो. तो वाजला की कॉलेजच्या आवारात जो जिथे असेल त्याने तिथेच सावधान उभं राहायचं. आचारीसुद्धा झारा खाली ठेवतो. आम्ही अकराही जण खाडकन पुतळे झालो!

तो घाटकोपरचा पोरगा बिचारा गांगरला. आमच्यामधून हळूहळू बॉल नेऊ लागला. माझ्या बाजूने जाताना चक्क "सॉरी हां" म्हणाला! जग्यासमोर पोचला. जग्या सावधान. नजर समोर. बॉल त्याच्या बुटाजवळून सरकत जाळ्यात गेला. जग्याचं बोटही हललं नाही, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

बिगुल थांबला. घाटकोपरची पोरं नाचायला लागली, "गोल! गोल!"

रेफरी शांतपणे म्हणाले, "कसला गोल?" तेही निघाले माजी फौजी! "झेंडा उतरत होता, मी सावधान होतो. मी काही बघितलं नाही."

"अहो, पण बॉल जाळ्यात आहे ना!"

"तो तिथे कसा गेला, त्याची नंतर चौकशी करू. खेळ सुरू!"

उरलेल्या वेळात आम्ही जिवाच्या आकांताने एक गोल सारला. नंतर नळावर पाय धुताना जग्या मला म्हणाला, "परब, बॉल जाताना दिसत होता रे मला. हात हलवला असता तर फौजेच्या लायकीचा नाही, नाही हलवला तर बोट. काय करणार होतो सांग ना?"



*

फायनल अंधेरीला. त्या दिवशी उस्तादांनी जग्यासाठी खरे गोलकीपरचे हातमोजे आणले, तळव्याला खरखरीत रबर लावलेले. तोवर तो उघड्या हातांनीच खेळत आला होता. आणि गोलच्या मागे, गवतावर उकिडवा बसला होता पोशा नाखवा. दुसऱ्या दिवशी पोराला बोटीवर न्यायची वेळ आली तर आपण इथेच असलेलं बरं, असा त्याचा हिशेब असणार.

आम्ही एका गोलने पुढे. शेवटच्या मिनिटाला त्यांना पेनल्टी मिळाली. मला बघवेना, मी पाठ फिरवली. मग उस्तादांची आरोळी ऐकू आली, "धरल्यान! झिलान, आमच्या पोरान धरल्यान!"

वळून बघतो तर जग्या चिखलात आडवा आणि बॉल छातीशी. मागे नाखवा उभा राहिलेला.

आम्ही जग्याला खांद्यावर घेतलं, नाचलो, रडलो, सगळं झालं. तेवढ्यात नाखवा गर्दीतून वाट काढत पुढे आला. आम्ही जग्याला खाली उतरवलं. तो बापापुढे सावधान उभा राहिला.

नाखव्याने उस्तादांना विचारलं, "मंग आता हरनार कवा?"

उस्ताद चाचरत म्हणाले, "नाखवानूं, सीझन संपलो. आता पुढच्या पावसापर्यंत मॅचच नाय."

"म्हंजे हरनार नाय."

"मॅचच नाय तर कसे हरतले?"

नाखव्याने हात पुढे केला. जग्याला आधी कळलंच नाही. मग त्याने हातमोजे काढून बापाच्या हातावर ठेवले.

नाखव्याने ते घातले. मूठ वळली, सोडली. दोन्ही हातांनी हवेतच दोर ओढल्यासारखं करून बघितलं. मग तसेच हातमोजे घालून, मान खाली घालून, गेटकडे चालू लागला. जग्या त्याच्या मागे गेला. आम्हाला वाटलं, संपलं सगळं.

दुसऱ्या दिवशी पहाटे परेडला उस्तादांनी हजेरी घेतली. जग्याचं नाव घेताना त्यांचा आवाज जरा खाली गेला.

"हाजिर, उस्ताद!"

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. ओळीच्या टोकाला जग्या, बूट चमकवलेले.

उस्ताद त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. खालपासून वरपर्यंत बघितलं त्याला. काहीतरी बोलायला हवं म्हणून दरडावून म्हणाले, "मेल्या, कालच नवे हातमोजे दिलंय. खय गेले ते?"

"बोटीवर गेले, उस्ताद."