भुजंगराव स्वप्नात येईनात

वालूरच्या सरजाबाईंचा नवरा वारला त्याला आठ महिने झाले, आणि तेवढ्यात तो निम्म्या गल्लीच्या स्वप्नात जाऊन आला. आमच्याकडे गेलेलं माणूस स्वप्नात येऊन जे मागेल, ते दुसऱ्या दिवशी कुणाला तरी खाऊ घालतात. भुजंगराव मुळातच खाण्याचे शौकीन. धाकटी जाऊ कुसुमबाई, तिच्याकडं त्यांनी जिलेबी मागितली. चुलतभावाकडं तर चक्क मटण. सरजाबाईंनी दरवेळी निमूट रांधलं, वाढलं. त्यांच्या स्वप्नात मात्र मालक एकदाही फिरकले नाहीत.

"चव्वेचाळीस वर्सं संसार केला," त्या म्हणायच्या, "अन् जिलेबी मागायला भावजयीकडं."

कुसुमबाईची अर्पिता परभणीला मानसशास्त्र शिकते. ती सुट्टीला आली तेव्हा सरजाबाईंनी हळूच विचारलं, "माझ्यावर रुसले असतील का गं?"

"मोठीमाय, स्वप्नं सगळ्यांलाच पडतात. झोपेत मेंदू आठवणींचा पसारा आवरायलेला असतो, त्यातलंच हे. लांबलचक स्वप्नं पडतात पहाटेच्या झोपेत. तू उठतीस कितीला?"

"चारला."

"म्हणजे ते यायच्या टायमाला तू चुलीपाशी. अन् उठल्या उठल्या कामाला लागलं की पडलेलं स्वप्नपण ध्यानात राहत न्हाई. जरा उशिरा ऊठ. जाग आली तरी हलू नको."

तीन दिवस सरजाबाई चारलाच जाग्या झाल्या आणि पत्र्याकडं बघत पडून राहिल्या. झोपही नाही, कामही नाही. चौथ्या दिवशी मात्र डोळा लागला.

सात वाजले तरी सरजाबाईंच्या अंगणात सडा नाही म्हटल्यावर गल्लीनं जे समजायचं ते समजून घेतलं. कुसुमबाई मागच्या दारानं आत शिरली, तिच्यामागं चार बायका. रडायची तयारी ठेवूनच तिनं जावेचा खांदा गदागदा हलवला.

सरजाबाईंनी डोळे उघडले.

"आलते गं," त्या म्हणाल्या. "तू हलवलंस."

कुसुमबाई अंथरुणाशीच बसली. तिनं विचारलं, "आक्का, काय मागितलं भाऊजींनी?"

"काय बी न्हाई. बाजंवर बसले व्हते. मी गवार निवडायले व्हते, तेच बघत व्हते."

"मग आता कुणाला काय जेवू घालावं?" मागून एकीनं काळजीनं विचारलं.

सरजाबाईंनी गोधडी परत अंगावर ओढली आणि भिंतीकडं कूस वळवली.

"तुमी निघा बायांनो," त्या म्हणाल्या. "निम्मी गवार राहिलीय."