खाडीकाठची गोदावरी

डिसेंबरातल्या दुपारी आमच्या शाळेच्या खिडक्यांतून दोन वास एकाच झुळकेवर येतात. एक खाडीकाठी वाळत घातलेल्या जवळ्याचा, त्या बारीक कोळंबीचा उग्र, खारट वास आणि दुसरा घोडबंदर रोडच्या बाजूने उडत येणाऱ्या सिमेंटच्या धुळीचा. वर्ग मध्यान्हीच्या ग्लानीत असतो, मी फळ्यावर कवितेची ओळ लिहीत असते आणि समोरच्या बांधकामावरच्या क्रेनची सावली बाकांवरून इतक्या संथपणे सरकत जाते, की वाटावं, एखादं गलबतच वर्गातून निघालं आहे. ठाणे पालिकेच्या या शाळेत मी कित्येक वर्षं मराठी शिकवते. नौपाड्यातल्या माझ्या घरापासून ती फार लांब नाही, तरी रोज रिक्षातून उतरताना मला परगावी आल्यासारखं वाटतं.

मी नोकरीला लागले तेव्हा हजेरी घेताना कोळीवाड्यातली तीच ती आडनावं लाटांसारखी एकामागून एक येत. आता कोळीवाड्यातली बरीचशी मुलं इंग्रजी शाळांच्या बसमध्ये चढतात आणि त्यांच्या बाकांवर परभणी, जळगाव, गोरखपूर, थेट नेपाळच्या डोंगरातली मुलं येऊन बसतात. समोरचे मनोरे ज्यांचे आईबाप उभे करतात, ती ही मुलं. आमच्या शाळेचा एक विलक्षण न्याय आहे: समोरची इमारत पूर्ण झाली, की वर्गातली मुलं कमी होतात. वरच्या मजल्यांवर दिवे लागू लागतात आणि खाली पत्र्याची वस्ती एका सकाळी उठून निघून जाते. निकालाचा तक्ता पाहणाऱ्याला ही ओहोटी कशी दिसावी? आढावा घ्यायला आलेले साहेब निकाल का घसरला म्हणून विचारतात, दहावीचा वर्ग बंद करावा लागेल म्हणतात, मुख्याध्यापक चष्मा पुसत बसतात. चूक साहेबांचीही नाही. आकड्यांना गाव नसतं, घर नसतं.

त्या वर्षी दहावीत गोदावरी होती. गंगाखेडकडची, सावळी, अबोल. तिचा बाप मारोती सळ्या बांधायच्या कामावर. खरं तर गोदावरी पूर्वेच्या समुद्राला मिळणारी नदी, पण ही मात्र वाट चुकल्यासारखी आमच्या पश्चिमेच्या खाडीकाठी आलेली. गणित तिला असं सुटे, जसं कुणाला गाणं सुचतं. तिच्या शेजारी बसे हर्षला, मासे विकणाऱ्या हेमलताबाईंची लेक. हर्षलाची भाषा भरतीच्या पाण्यासारखी उसळती, पण गणिताचा तास आला की तिची नजर खिडकीबाहेर खाडीवर जाऊन बसे.

परीक्षा दोन महिन्यांवर आली आणि समोरची इमारत पूर्ण झाली. मारोतीचं काम कल्याणपलीकडच्या नव्या साइटवर लागलं. तो शाळेत आला, दारातच उभा राहिला. तिथे अजून धड निवारा नाही, तिथून रोजचं येणं जमायचं नाही, तेव्हा परीक्षा पुढच्या वर्षी पाहू, असं तो खाली बघत सांगत होता. पुढचं वर्ष! मुलीच्या बाबतीत या दोन शब्दांचा अर्थ काय होतो, हे मी इतक्या वर्षांत पुष्कळदा पाहिलं आहे. मधल्या वर्षात पाहुणे येतात, सोयरीक जुळते, आणि पुस्तकं धाकट्या भावंडांकडे जातात. गोदावरी बापामागे उभी राहून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी समजावलं, मुख्याध्यापकांनी समजावलं. पण मुलीला ठेवायचं कुठे, एवढंच तो विचारत राहिला.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. बाजार आटोपून हेमलताबाई रिकामी पाटी घेऊन तशाच शाळेत आल्या. हर्षलाने घरी सगळं सांगितलं होतं. मारोतीलाही त्यांनी बोलावून घेतलं होतं.

"पोरीला माझे घरान ठेव," त्या त्याला म्हणाल्या. "म्हावरा खातं का?"

मारोतीने गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. घरात कुणीच मासे खात नाही, असं तो ओशाळून म्हणाला. हेमलताबाईंनी पाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तिची कढई वेगली ठेवीन. मंग झाला?"

मारोतीने माळेवरचा हात काढला. लेकीकडे वळून एवढंच म्हणाला, "राहतीस का, माय?" गोदावरीने मान डोलावली आणि मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

पुढचे दोन महिने मला अजून स्वप्नासारखे आठवतात. एका चुलीवर म्हावऱ्याचं कालवण, दुसरीवर वरण, आणि मधल्या जागेत दोघी पुस्तकं पसरून बसलेल्या. गोदावरी समीकरणं समजावी, हर्षला तिला निबंध मोठ्याने वाचून दाखवी. मुक्काम कशाला म्हणायचं? ज्या छपराखाली आपली वेगळी कढई कुणी आपणहून मांडतं, त्यालाच ना?

निकाल लागला. गोदावरी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. हर्षला गणितात राहिली. आता आईबापांकडे जायला गोदावरी मोकळी होती, मारोती न्यायलाही आला. पण तिने बापाला सांगितलं, पुरवणी परीक्षा होईपर्यंत मी इथेच राहते. त्यानेही हट्ट धरला नाही. भर पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, त्या घरात पुन्हा गणित सुरू झालं. आणि या खेपेला हर्षला सुटली. अगदी काठाकाठाने, पण सुटली.

शाळेच्या त्या वर्षीच्या निकालात तिचं हे उत्तीर्ण होणं कुठेच धरलं गेलं नाही. मार्चचा आकडा होता तोच राहिला आणि आढाव्याच्या बैठकीत मुख्याध्यापकांनी पुन्हा चष्मा पुसला. दहावीचा वर्ग मात्र त्या वर्षी तरी कायम राहिला.

अकरावीचे प्रवेश रेंगाळलेलेच होते. गोदावरीला कल्याणचं कॉलेज मिळालं, हर्षलाला ठाण्यातलं, कॉमर्सचं. गोदावरी निघाली त्या दिवशी मीही खोपटच्या एसटी डेपोत गेले. हेमलताबाई मारोतीला काहीबाही बजावत होत्या. दोघी मुली बसजवळ उभ्या होत्या.

गोदावरी म्हणाली, "कॉमर्सला गणित घ्यावंच लागतं असं नाही. तू घेऊ नको."

"घेणार," हर्षला म्हणाली. "नाय घेतलं, तर तुला रोज फोन कशाला करू?"