विहीणबाई, पोटमाळा आणि माझा उजवा पाय

चहा आधी संपवा बरं. मधेच हसलात आणि नाकातून आला, तर म्हाताऱ्याला नावं ठेवाल!

तेव्हा आम्ही परदेशात, सेम्बावांगला एका जुन्या कौलारू घरात भाड्यानं राहायचो. मी, मुलगा, सून वैशाली आणि नात रिया. कॅमेऱ्याचे मोबाईल नवे नवे आले होते तेव्हाची गोष्ट. वैशालीची आई पहिल्यांदाच नागपूरहून आली. तिला दिली वरची खोली. खोलीच्या छतावर बसता येईल एवढा पोटमाळा, आणि त्यावर तापलेली कौलं. खोली कसली, भट्टी!

दुसऱ्याच दिवशी विहीणबाई म्हणाल्या, "वैशू, यापेक्षा नागपूरचा मे महिना बरा गं. मी आपली इथंच चोआ चू कांगला भाचीकडे जाते. तिच्याकडे एसी आहे."

वैशाली स्वयंपाकघरात डोळे पुसत बसली. चिरत होती काकडी! काकडीनं कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं का हो?

मला राहवेना. म्हटलं, "विहीणबाई, थांबा! हा माणूस जन्मभर बोटीवर फिटर होता. वाफेचे पाइप गुंडाळले, बॉयलर गुंडाळले. तुमचं छप्पर म्हणजे काय चीज आहे?"

"बाबा, कुणीतरी माणूस बोलवू या ना," वैशाली म्हणाली.

"मग मी कोण, रेडा?"

आणली उष्णता अडवणाऱ्या ग्लासवूलची भेंडोळी आणि चढलो पोटमाळ्यावर. उघडाबंब, हाफ पँटीत! ती काचेची लोकर अंगाला अशी चावते म्हणता, खाजवू की पसरू? पण पसरली. दारापासून सुरुवात केली ती थेट पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत. झकास!

मग परत फिरलो. बघतो तर काय, ज्या लाकडी वाशांवरून आलो ते सगळे लोकरीखाली गडप!

बोटीवर कसं, पाय टाकाल तिथं लोखंड. मी बिनधास्त टाकला. खाली होता खडूसारखा पत्रा... पत्रा कसला, प्लास्टरचा पुठ्ठा! कडाड् आवाज झाला आणि उजवा पाय मांडीपर्यंत आरपार.

खाली विहीणबाई बॅग भरत होत्या.

"अगंबाई! वैशू, धाव! तुझ्या सासऱ्यांनी वरून पाय सोडलाय!"

"खरा आहे का, आई?"

"छे गं! काल माझ्या चहात रबराचं झुरळ टाकलं, आज रबराचा पाय!" असं म्हणून बाईंनी मला सणसणीत चिमटा काढला.

"मेलो!" मी वर.

"आवाज काय हुबेहूब काढतात!"

"अहो, खरा पाय आहे!" मी ओरडतोय, पण लोकरीतून आवाज जातोय मांजराच्या पिल्लासारखा. मी ओरडावं, त्यांनी खिदळावं!

रियानं फोटो काढला. तळव्याला गुदगुल्या करून तिकडच्या इंग्रजीत म्हणाली, "सो रिअल लाह! पण बोटं कशी हलतात, आजी?"

"बॅटरी असेल," विहीणबाई म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी पाय धरून ओढला.

आला की! पाय, मागोमाग छताचा तुकडा, लोकर आणि अख्खा मी. धप्पकन पलंगावर!

"अय्या," विहीणबाई म्हणाल्या, "हे तर खरेच निघाले!"

सगळे पांढरेफटक. मग बाई हसायला लागल्या त्या थांबेचनात. भरलेल्या बॅगेवरच बसल्या. डोळे पुसले, उठल्या आणि बॅगेतल्या साड्या एकेक करून परत बाहेर काढायला लागल्या.

"वैशू, भाचीला कळव, मी येत नाही म्हणावं. एसी काय, कुठंही मिळतो. हा तमाशा तिथं कोण दाखवणार?"

वैशालीनं आईला मिठी मारली. माझी तर कॉलर ताठ झाली असती, पण अंगात शर्टच नव्हता.

"पण मी झोपणार खाली, यांच्या खोलीत," बाईंनी अट घातली. "हे जातील वर."

तेव्हापासून वर मी. आणि बढाई नाही मारत, छप्पर असं फक्कड गुंडाळलं होतं की कौलांची गरमी कुठून म्हणून आत येत नव्हती. सगळीच्या सगळी त्या एका भोकातून उतरायची. थेट माझ्या टकलावर!